वय सज्ञान, धंदा शेती

माझ्या भावानं स्वतःला सरकारातून वजा करून घेतलं, तेव्हा मी त्याच सरकारचे दाखले काढून देत बसले होते. दारव्ह्याला तहसीलच्या रस्त्यावर माझं सेतू केंद्र आहे. एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर, अन् जून-जुलैत दाराबाहेर जाणारी रांग. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, सातबारा, काय म्हणाल ते. अन् माझा सख्खा लहान भाऊ बोरी अरबच्या पलीकडच्या आमच्या खेड्यात बसून लोकांना सांगत होता, की दाखला घेणारा माणूस गुलाम असतो. सांगा, मी कपाळ बडवू नाही तर काय करू!

लोक म्हणायचे, बाई, तुमच्या भावाचं डोकं फिरलं. मला त्याचा फार राग यायचा, कारण डोकं फिरलेला माणूस मी ओळखते अन् माझा भाऊ तसा नाही. खताच्या पोत्यावरचं बारीक अक्षरसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचून मग पोतं फोडणारा तो. बारावी शिकला, कपाशी अन् तूर करतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला वाचायची सवय होती, अन् वाचता वाचताच तो फसला. एका शब्दापायी फसला.

आमचे वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते, तो आठ. शेत आमच्या नावावर लागलं, पण आम्ही लहान, म्हणून सातबाऱ्यावर नावापुढं तीन अक्षरं आली : अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अन् त्याच्यापुढं आईचं नाव. महसूलच्या भाषेत अठराच्या खालचं लेकरू अज्ञान अन् अठरा पूर्ण झालं की सज्ञान. अक्कल असण्या-नसण्याशी त्याचं काही घेणंदेणं नाही. माझं लग्न झालं, मी हक्कसोड केली, माझं नाव निघालं. भावाचं राहिलं. तो अठराचा झाला, त्याचं लग्न झालं, लेक झाली, आई गेली, पण ती तीन अक्षरं तिथंच. ती काढायला पटवाऱ्याकडं अर्ज द्यावा लागतो हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. शेत वाहणारा तोच, खाणारे तेच, सातबारा कोण वाचत बसतो?

मग एका हंगामात कापूस विकायच्या ऑनलाइन नोंदणीसाठी तो एका केंद्रावर गेला. माझ्या नाही, दुसऱ्या. खिडकीतल्या पोरीनं सातबारा पाहिला अन् अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, तुम्ही तर अज्ञान हाय. पालकाले घेऊन या."

तेव्हा त्याच्या मिशीत पांढरे केस होते. तो म्हणाला, "पालक माही माय हाय बाई. तिले जाऊन आठ वर्षं झाले."

"मग नाही होत नोंदणी. अज्ञान माणसाची नाही होत."

रांग हसली. त्यातला एक आमच्याच गावचा होता. संध्याकाळपर्यंत पारावर भावाचं नाव 'अज्ञानभाऊ' पडलं. गावाला एवढंच पाहिजे असते. चहाला गेला की 'या अज्ञानभाऊ, बसा अज्ञानभाऊ.'

तो तडक माझ्याकडं आला होता. घामानं शर्ट ओला, हातात सातबारा. सगळं सांगितलं, अन् मी हसले. नुसती हसले नाही, खुर्चीत मागं रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुकानात चारपाच गिऱ्हाईकं होती, तीही हसली. मग मी म्हटलं, "अरे, देऊ एक अर्ज, निघून जाते ते. करू नंतर, आता रांग पाह्य किती हाय." तो गेला. दाखल्यांच्या घाईत मी ते विसरले, अन् त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. दिवसाला पन्नास परक्या लोकांचे अर्ज भरणाऱ्या बाईला भावाचा एक अर्ज जमला नाही. आज लिहितानासुद्धा मला लाज वाटते.

त्यानंतर तो मोबाईलवर काहीबाही पाहायला लागला अन् पाहता पाहता दिग्रसला एका मंगल कार्यालयातल्या सभेत जाऊन बसला. पांढऱ्या सफारीतला एक माणूस तिथं भाषण द्यायचा. सगळे त्याला साहेब म्हणायचे. साहेबाचं म्हणणं असं, की कायदा हा करार आहे, अन् ज्या करारावर आपण सही केली नाही तो आपल्याला लागत नाही. कार्डावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव हे आपलं नसून एका कागदी माणसाचं आहे, सरकारचा अंमल त्या कागदी माणसावर चालतो, हाडामांसाच्या माणसावर नाही. माझ्या भावानं उभं राहून विचारलं, "साहेब, पण मराठीत तं लहान-मोठी अक्षरं नसतेत. मग मराठीतल्या नावाचं काय?" बघा, तिथंही त्याचं डोकं चालूच होतं.

साहेबानं उत्तर द्यायचं सोडून भावाच्या हातातला सातबारा मागून घेतला, चष्मा लावला, अन् कागद उंच धरून म्हणाला, "हे बघा! सरकारनं लेखी कबूल केलंय. जन्मापासून तुम्हाला अज्ञान ठरवलं अन् स्वतः पालक होऊन बसलं. ज्याला हे कळलं तोच सज्ञान. अन् सज्ञान माणूस स्वतःचा मालक असतो, त्याच्यावर कोणाचा कायदा चालत नाही." टाळ्या पडल्या. साहेबानं भावाला स्टेजवर बोलावून शाल दिली. त्या हॉलमध्ये त्याला कोणी अज्ञानभाऊ म्हणत नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग काय विचारता! राशनकार्ड रजिस्टर पोस्टानं परत. आधार परत. मतदानाच्या दिवशी शेतात. गेटवर पाटी : 'ही जागा स्वमालकाची आहे. शासकीय इसमास परवानगीशिवाय मनाई.' सही करायची तर लाल शाईनं, कारण लाल म्हणजे जिवंत रक्त. कलेक्टर ऑफिसला त्यानं अकरा पानांचं पत्र लिहिलं. तिथल्या बाबूनं रोजच्याप्रमाणे पोचपावतीवर 'आवक'चा शिक्का मारला, तर हा घरी येऊन सांगतो, "ताई, पाह्य, कबूल केलं त्यायनं. शिक्का देला." मी म्हटलं, "अरे भल्या माणसा, त्या टेबलावर लग्नाची पत्रिका ठेवली तरी तो शिक्का पडते!" मोटरसायकलची नंबरप्लेट काढून 'स्वमालक' अशी पाटी लावली, तेव्हा पोलिसानं ती शांतपणे वाचली अन् गाडी ठेवून घेतली. मग हा पंधरा दिवस एसटीनं फिरला. मी म्हटलं, "एसटी कोणाची हाय रे?" त्यावरून तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याला एक लेक आहे.

माझी भाची बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली अन् तिचं नाव यवतमाळच्या एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत लागलं. लहानपणापासून तिला तेच पाहिजे होतं. आई शेवटी अंथरुणावर होती तेव्हा ही सातआठ वर्षांची पोट्टी आजीला चमच्यानं पाणी पाजायची अन् किती चमचे पाजले ते वहीत लिहून ठेवायची. आता प्रवेश पक्का करायचा तर जात पडताळणीच्या अर्जाची पावती लागणार होती. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, अन् पोरगी डिसेंबरात अठराची होणार, म्हणजे प्रतिज्ञापत्र बापानं करायचं. हाती आठ दिवस होते. बाप म्हणाला, मी सही करत नाही.

मी रविवारी सकाळीच गावात पोचले. पाय धुवायलाही थांबले नाही. भाची ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती, भावजय आत चुलीपाशी, अन् हा खाटेवर फाईल घेऊन.

"तुले लाज नाही वाटत?" मी सुरूच केलं. "जगाची पोट्टी शिकून राह्यली माह्या कागदायवर, अन् तू पोटच्या पोरीचा रस्ता अडवून बसला?"

"ताई, ओरडू नको. सही म्हणजे करार. एकदा सही केली का मी पुन्हा त्यायच्या ताब्यात."

"कोणाच्या ताब्यात? कोण येऊन राह्यलं तुले न्यायले?"

"तुले नाही समजत ते."

"हाव, मले कायले समजन! मी काय वीस वर्षं कागदं चघळली का?"

आम्ही दोघं असं बराच वेळ भांडलो. मी नको ते बोलले, सफारीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. तेव्हा भाचीनं सूप खाली ठेवलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, मले एकच सांगा. मी नर्स होऊ का नको?"

"हो ना माय. कोण नाही म्हनते?"

"मग कशी होऊ, ते सांगा."

तो फाईलची पानं उलटायला लागला. ती म्हणाली, "तुमाले माहीत नसन तं त्या साहेबायले विचारा. मी आयकतो."

आमच्याकडं पोरी अशाच 'आयकतो' म्हणतात, माझीही तीच भाषा होती. भावानं फोन लावला अन् तिला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला, हे त्याच्या प्रामाणिकपणाचं. साहेबानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मालकाच्या लेकीला नोकरी कशाला हवी? आपली स्वतःची विद्यापीठं निघणार आहेत. तोवर पोरगी घरात बरी. स्थळं बघा."

"साहेब, पोरगी हुशार हाय," भाऊ म्हणाला.

"हुशार पोरींनाच सरकार आधी फितवतं," साहेब म्हणाला अन् दुसरा फोन येतोय म्हणून ठेवून दिला.

भावजयीनं आत एक भांडं आपटलं. भावानं फोन खिशात टाकला. मला वाटलं, आता हा म्हणेल, आण कुठं सही करायची ते. पण नाही. तो उठला, चपला घातल्या अन् वावरात निघून गेला.

मी मागं गेले. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा, माझ्याकडं पाठ. मी पुन्हा तोंड सोडणार होते, तेवढ्यात तोच बोलला.

"तू बी हसली होती."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"रांग हसली त्याचं नाही मले. गाव हसलं त्याचंही नाही. मी तुह्याकडं आलतो. तू त्या लोकायसमोर हसली. अन् करू नंतर म्हनली. दोन वर्षं झाले ताई."

मी दारव्ह्यात कोणाचं ऐकून घेत नाही. तहसीलातल्या अधिकाऱ्यांनाही फटकारून बोलते, माझं नाव आहे त्यासाठी. पण त्या धुऱ्यावर मी मान खाली घालून म्हटलं, "चुकलं माहं. लय चुकलं भाऊ. मी तुही मोठी बहीण, मी उठून उभं राह्यचं होतं तेव्हा." अन् मी रडले. तो पण रडला, पण तोंड फिरवून. मी त्याला सहीचं काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, "उद्या ये दुकानात. शाळेचा दाखला घेऊन ये. ते तीन अक्षरं आधी काढू."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. सोमवारी मी शटर उघडायला गेले तर हा पायरीवर बसलेला, शेजारी भाची, मांडीवर फाईल. मी रांगेला सांगितलं, आज पहिला नंबर माझ्या भावाचा, ज्याला घाई असेल त्यानं दुसरीकडं जावं. कोणी गेलं नाही. अर्ज साधाच असतो : मी अमुक, माझं वय अठराच्या वर झालेलं आहे, सबब माझ्या नावापुढील अज्ञान पालनकर्ता हा शेरा कमी करण्यात यावा. आधारचा नंबर त्याला पाठ होता. कार्ड परत पाठवलं म्हणून नंबर थोडाच परत जातो. मी सगळं भरलं अन् वाचून दाखवलं. आईच्या नावापाशी त्यानं मला थांबवलं.

"हे नाव बी जाईन का?"

"जाईन."

"म्हंजे इतके दिवस माय कागदावर मले सांभाळूनच राह्यली होती."

मग त्यानं मान हलवली अन् मी अर्ज पाठवला. तो म्हणाला, "कधी होईन?" मी खरं सांगितलं. नोटीस निघेल, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतील. महिनाही लागेल. पोरीच्या हाती मात्र सातच दिवस होते.

मी दुसरी फाईल उघडली अन् भाचीचं प्रतिज्ञापत्र छापून त्याच्यासमोर ठेवलं. सही कर म्हटलं नाही. त्यानं सवयीनं वाचायला घेतलं अन् पहिल्याच ओळीवर थांबला. आमच्याकडं प्रतिज्ञापत्राची पहिली ओळ वर्षानुवर्षं एकच आहे. मी, खाली सही करणार, अमुक अमुक, वय सज्ञान, धंदा शेती, राहणार अमुक. मी आयुष्यात ती ओळ हजार वेळा छापली असेल, अन् तिच्यात काय लिहिलंय ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

"हे कोनं लिवलं?" त्यानं विचारलं.

"कोनं नाही. नमुन्यातच असते. सगळ्यायले असते."

"सरकारचाच नमुना?"

"सरकारचाच."

"मंग सातबाऱ्यावर अज्ञान अन् इथं सज्ञान?"

"ते तू आठ वर्षांचा होता तेव्हाचं हाय. हे आजचं."

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. रांगेतली एक म्हातारी कंटाळून खाली बसली. मग त्यानं सावकाश विचारलं, "पण सातबारा बदलायच्या आधीच हे लिवून द्या लागन. म्हंजे मी सज्ञान हाय, हे ते नाही सांगून राह्यले. मी सांगून राह्यलो."

"हाव. अन् शपथेवर."

"मले विचारल्याशिवाय कोणी लिवलं नाही."

"तुह्या सहीशिवाय हा कागद रद्दी हाय," मी म्हटलं. हे काही मी त्याची समजूत काढायला म्हटलं नाही. ते खरंच तसं असते.

तहसीलमध्ये आम्ही तिघं गेलो. त्यानं खिशातून लाल पेन काढला. नायब तहसीलदार बाई म्हणाल्या, "लाल चालत नाही काका." भाचीनं तिचा पेन पुढं केला, परीक्षेला नेलेला. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मजकूर वाचला का? मान्य आहे का?" बाकीचे लोक हो म्हणून मोकळे होतात. माझ्या भावानं कागद हातात घेतला अन् पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागला. वय सज्ञान, धंदा शेती. बाई थांबवणार होत्या, पण त्यांनी त्याच्याकडं पाहिलं अन् थांबवलं नाही. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मान्य हाय," अन् सही केली. पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट, एकही अक्षर न गाळता.

भाचीचा प्रवेश मुदतीच्या दोन दिवस आधी पक्का झाला. सातबाऱ्याला सव्वा महिना लागला. नवा उतारा मी स्वतः गावात नेऊन दिला, अन् येताना पारावर थांबून मोठ्यानं सगळ्यांना वाचूनही दाखवला. कोणी एक जण 'अज्ञान' म्हणायला गेला तर मी त्याला असं काही सुनावलं, की तो माझ्या दुकानात अजून येत नाही, दारव्हा सोडून दिग्रसला जातो.

भाऊ पूर्ण बदलला असं मी म्हणणार नाही. गेटवरची पाटी काही दिवस होती, मग एका वादळात पडली अन् त्यानं ती पुन्हा लावली नाही. राशनकार्डाचा अर्ज त्यानं भरला, पण आधी मला सतरा प्रश्न विचारून. साहेबाच्या सभेला जाणं त्यानं बंद केलं. मी कारण विचारलं नाही. एकदा त्यानंच सांगितलं, "त्यायनं माह्या पोरीचं नावच नाही विचारलं ताई, मार्क बी नाही विचारले." आता गावात कोणाला कागदाचं काही अडलं तर लोक त्याच्याकडं जातात. तो बारीक अक्षर वाचून देतो, अन् समजलं नाही तर मला फोन करतो. परवा त्यानं एका म्हातारबुवांच्या सातबाऱ्यावरची तीच तीन अक्षरं शोधून काढली. म्हातारबुवा पासष्टीचे! दोघं मिळून माझ्याकडं आले अन् मी त्यांना आधी पाणी दिलं, मग खुर्ची.

डिसेंबरात भाची सुट्टीवर आली. अठरा पूर्ण होऊन चार दिवस झाले होते. मी पण गेलते. जेवणं झाल्यावर तिनं हॉस्टेलचं सुट्टीचं कार्ड बापासमोर ठेवलं. त्यानं नेहमीसारखं दोन्ही बाजूंनी वाचलं. मागं लिहिलं होतं, की अठरा वर्षांवरील विद्यार्थिनीस पालकाच्या सहीची आवश्यकता नाही. त्यानं कार्ड खाली ठेवलं. चेहरा पडला होता, लपवायला गेला पण जमलं नाही.

"आता तू सज्ञान झाली माय," तो म्हणाला. "मंग आता माही सही नाही लागत तुले."

"लागत नाही," भाची म्हणाली. "मले पाह्यजे हाय."

भावानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला अन् विचारलं, "सही कुठं करू?"